उलुबेरियाला थांबलेली गाडी

तेर हे आमचे गाव तेरणेच्या काठी वसलेले आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याबाहेरच्या माणसाला ते संत गोरोबाकाकांमुळे ठाऊक असते. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचे आणखी एक नाव माहीत आहे, ते म्हणजे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचा आणि तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या वस्तू पाहिल्या की, दोन हजार वर्षांपूर्वी इथे किती दूरदूरच्या माणसांचा राबता होता याची खात्री पटते.

ज्या गावाची भरभराटच परक्या माणसांच्या येण्याजाण्यावर झाली, त्या गावात राहणाऱ्याला एक प्रश्न पडणे साहजिक आहे. परका कोण? तो परका आहे हे कोणी ठरवायचे? आणि ठरवल्यानंतर त्याला हाकलून देण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे की नाही? आज हा प्रश्न साऱ्या जगात ऐरणीवर आहे. निर्वासितांना परत पाठवण्याच्या विरोधात अनेक देशांतले तरुण रस्त्यावर उतरतात आणि दुसरे तरुण त्यांना पाठवा म्हणूनही उतरतात. आपल्या देशात आणि आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास काय आहे, तरुणांनी त्यात काय केले आणि सत्तेने काय केले, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

मुल्की आणि गैरमुल्की

मराठवाड्याला हा विषय नवा नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते. १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोण याची व्याख्या ठरली. त्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. नोकरी मुल्कीला मिळे आणि गैरमुल्कीला खास परवानगी लागे. म्हणजे कागदावरून माणसाचे आपलेपण मोजण्याची पद्धत आपल्या आजोबांच्या काळीही होती.

१९४७-४८ या वर्षात या भागाने दोन्ही बाजूंनी निर्वासित पाहिले. रझाकारांच्या जुलमामुळे उस्मानाबाद जिल्ह्यातली अनेक हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. त्याच काळात मध्य प्रांत, मुंबई प्रांत आणि इतर ठिकाणांहून दंगलींना घाबरलेली मुसलमान कुटुंबे आसऱ्यासाठी हैदराबाद संस्थानात आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शन सुरू झाली. सोलापूरकडून आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घेतले. इतर तीन जिल्हे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे होते. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांना वाचायलाही मिळाला नाही.

त्या धामधुमीत नव्या प्रशासनासमोर आणखी एक काम आले. बाहेरून आलेल्यांना परत पाठवायचे होते. दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या निर्वासितांना आपापल्या प्रांतात जावे लागणार होते. अरब आणि अफगाण यांना परदेशी समजून ताब्यात घेण्यात आले आणि देशाबाहेर धाडण्याचे ठरले. काहींना धाडलेही. पण लवकरच अडचण उभी राहिली. ज्याला अरब म्हणायचे त्याचा जन्म हैदराबादेत झालेला, बायको इथली, बोलणे दखनी, आणि हदरमौतचे नाव त्याने फक्त बापाच्या तोंडून ऐकलेले. अशा माणसाला कोणत्या देशात पाठवणार? परिणामी अनेक जण इथेच राहिले. निजामाच्या अरब सैनिकांच्या बराकींवरून ज्या वस्तीला नाव पडले ती 'बारकस' हैदराबादेत आजही आहे आणि तिथले रहिवासी या देशाचे नागरिक आहेत.

यावरून एक गोष्ट दिसून येते. 'परका' हा शिक्का मारणे सोपे असते. पण त्या शिक्क्याखालचा माणूस समोर उभा करून त्याची हकीकत ऐकायला बसले की शिक्का टिकत नाही.

ऐकून घेणारा बादशहा

आपल्या वाचकांना हबशाचा प्रसंग लहानपणापासून ठाऊक आहे, पण या विषयाच्या अंगाने तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान स्त्री-पुरुष समुद्र ओलांडून हबशाला गेले. इस्लामच्या इतिहासातले हे पहिले निर्वासित. कुरैशांनी त्यांच्या मागोमाग दोन वकील पाठवले. त्यांनी दरबाऱ्यांना नजराणे दिले आणि मागणी केली की, ही आमची पळून आलेली माणसे आहेत, आमच्या हवाली करा. आजच्या भाषेत सांगायचे तर ही हद्दपारीची मागणी होती. नजराणे घेतलेल्या दरबाऱ्यांनी सल्ला दिला की, त्यांना बोलावण्याची गरज नाही, परस्पर सोपवून द्या.

नजाशी बादशहाने तो सल्ला मानला नाही. ज्यांनी माझ्या राज्यात आसरा घेतला त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी त्यांना कोणाच्या हाती देणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. निर्वासितांच्या वतीने बोलायला जाफर बिन अबी तालिब उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आतले होते. त्यांनी आपण का आलो हे सांगितले आणि सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या. नजराणे परत गेले आणि निर्वासित राहिले.

या प्रसंगात दोन माणसे महत्त्वाची आहेत. एक, निर्भयपणे आणि मुद्देसूद बोलणारा तरुण. दुसरा, ऐकून घेणारा सत्ताधारी. या दोघांपैकी एक जरी नसता तरी गोष्ट वेगळी झाली असती. पुढच्या सर्व घटनांना मी हेच माप लावणार आहे.

जुलै १९९८

आता आपण आपल्या राज्याकडे येऊ. १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मुंबईतल्या बांगलादेशी नागरिकांना हुडकून परत पाठवू, ही युतीची घोषणा होती. मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री होते. १९९८ च्या पावसाळ्यात या मोहिमेला जोर आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून बंगाली बोलणारे मुसलमान उचलले जाऊ लागले. त्यांत जरीकाम करणारे कारागीर पुष्कळ होते. त्यांच्या तुकड्या पोलीस पहाऱ्यात रेल्वेने बंगालकडे पाठवल्या जात आणि तिथे सीमेवर सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात देऊन पलीकडे ढकलले जाई.

इथे कायद्याची एक बाजू समजून घेतली पाहिजे. तेव्हा १९४६ चा परकीय नागरिक कायदा लागू होता. इंग्रजांच्या अखेरच्या दिवसांत झालेल्या या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, एखादा माणूस परदेशी आहे हे सरकारने सिद्ध करायचे नसून, आपण परदेशी नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचे असे. चोरीच्या आरोपीलाही पोलिसांनी गुन्हा शाबीत करेपर्यंत निर्दोष समजतात. परदेशी ठरवल्या गेलेल्या मजुराला ती सवलत नव्हती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या जागी नवा कायदा आला, पण पुराव्याचे ओझे त्याच माणसाच्या खांद्यावर राहिले. दहा बाय दहाच्या खोलीत बाराजणांत राहून साडीवर जर भरणाऱ्या पोराने आपल्या गावातल्या मतदारयादीचा उतारा मुंबईत कुठून आणायचा?

जुलै १९९८ मध्ये अशी एक तुकडी कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने निघाली. तीत ३४ जण होते. ही गाडी हावड्याला पोचण्याच्या थोडे आधी उलुबेरिया स्टेशन लागते. हावडा जिल्ह्याचा हा भाग जरीकामासाठी प्रसिद्ध आहे. पांचला, उलुबेरिया या पट्ट्यातल्या घराघरांत कारचोब, म्हणजे जरीकामाची चौकट, असते आणि इथलीच मुले हे हुन्नर घेऊन मुंबईला जातात. मुंबईत ज्यांना 'बांगलादेशी' म्हणून पकडले होते, त्यांना या पट्ट्यातले लोक आपली माणसे मानत होते. बातमी आधीच पोचली होती. स्टेशनवर मोठा जमाव जमला. त्याच्या पुढे फॉरवर्ड ब्लॉकचे स्थानिक आमदार रवींद्र घोष होते. जमावाने गाडी अडवली आणि त्या सर्वांना पोलिसांच्या ताब्यातून सोडवून नेले.

या घटनेने देशभर खळबळ उडाली. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांच्या सरकारने महाराष्ट्र सरकारला जाब विचारला. आमचे नागरिक आम्हाला न विचारता परदेशी कसे ठरवता, हा त्यांचा सवाल होता. संसदेत गदारोळ झाला. मुंबईतल्या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांत फिरून माहिती गोळा केली. बंगाली बोलणे आणि मुसलमान असणे एवढ्यावरून माणूस परदेशी ठरतो का, हा प्रश्न पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने विचारला गेला. मोहीम कायमची बंद पडली नाही, पण ती गुपचूप चालवणे अवघड झाले.

गाडी अडवणे आणि पोलिसांच्या ताब्यातून माणसे काढून घेणे हे कायद्यात बसत नाही. शिक्षक म्हणून मी विद्यार्थ्यांना तो रस्ता दाखवू शकत नाही आणि दाखवणारही नाही. आज ज्या जमावाने निरपराध्याला सोडवले तसाच जमाव उद्या निरपराध्याला मारायलाही जमू शकतो. परंतु इतिहास वाचताना प्रश्न विचारावा लागतो की, जमाव जमण्याची वेळ का आली? कारण त्या ३४ जणांचे म्हणणे नीट ऐकले गेलेले नव्हते. त्यांच्या गावी जाऊन, ग्रामपंचायतीत विचारून, शाळेचे रजिस्टर उघडून मग निर्णय झाला असता तर स्टेशनवर कोणी आले नसते. सुनावणीची जागा रिकामी राहिली आणि ती जमावाने भरली.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. ही माणसे वाचली, कारण त्यांच्या मागे एक मतदारसंघ होता. त्यांचे आईबाप, भाऊ, शेजारी मतदार होते. आमदाराला त्यांच्या दारात पुन्हा जायचे होते. एका राज्याची सत्ता त्यांना बाहेर ढकलत होती आणि दुसऱ्या राज्याची सत्ता त्यांना आपले म्हणत होती. ज्याच्या मागे असा कोणीच नाही त्याचे काय होते, हे पुढे पाहू.

तीच ताकद, उलट्या दिशेने

तरुणांची चळवळ म्हटली की ती न्यायाच्याच बाजूने असणार, असे आपण गृहीत धरतो. इतिहास तसे सांगत नाही. १९७९ मध्ये आसामच्या मंगलदोई मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या मतदारयादीवरून वाद सुरू झाला आणि अखिल आसाम विद्यार्थी संघटनेने परकीयांना हाकला अशी मागणी करत सहा वर्षे आंदोलन चालवले. आसामी माणसाला आपली भाषा आणि जमीन हातची जाईल अशी भीती होती, आणि ती सगळीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण त्याच काळात, १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, नेल्ली परिसरात बंगाली मुसलमानांची भीषण कत्तल झाली. सरकारी हिशेबानेच सुमारे अठराशे माणसे मारली गेली.

१५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. डिसेंबरात निवडणुका झाल्या आणि विद्यार्थी नेते प्रफुल्लकुमार महंत वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. वसतिगृहातून थेट मंत्रालयात जाण्याचे असे उदाहरण आपल्या देशात दुसरे सापडणे कठीण आहे.

गोष्ट तिथे थांबली नाही. १९८३ मध्ये संसदेने आसामसाठी एक वेगळा कायदा केला होता. त्यात परदेशी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर होती. याच विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष सर्वानंद सोनोवाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ जुलै २००५ रोजी तो कायदा रद्द झाला. सोनोवाल पुढे २०१६ मध्ये मुख्यमंत्री झाले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची नागरिक नोंदवही जाहीर झाली तेव्हा १९,०६,६५७ माणसे यादीबाहेर होती. त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही मोठ्या संख्येने होते.

या हकीकतीतून शिकण्यासारखे काय आहे? त्या तरुणांनी घोषणा दिल्या आणि ते घरी गेले, असे झाले नाही. त्यांनी संघटना टिकवली, निवडणूक लढवली आणि कायदा वाचून न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या हेतूशी आपला मतभेद असू शकतो, पण त्यांच्या चिकाटीपासून आपल्या तरुणांनी शिकायला हरकत नाही.

चकमांचा खटला

त्याच ईशान्य भारतात दुसरी गोष्ट घडली. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर कप्ताई धरण बांधले गेले आणि चकमा आदिवासींची शेते-घरे पाण्याखाली गेली. हे लोक बौद्ध आहेत. १९६४ च्या सुमारास धरणाने आणि जाचाने उठलेले हजारो चकमा आणि हाजोंग भारतात आले. सरकारने त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. तीस वर्षे गेली, मुले तिथेच जन्मली आणि मोठी झाली. १९९४ मध्ये अरुणाचलच्या विद्यार्थी संघटनेने त्यांना मुदत दिली की, राज्य सोडून चालते व्हा. तेव्हा त्यांची संख्या सुमारे ६५ हजार होती. त्यांना मत नव्हते, आमदार नव्हता आणि त्यांच्यासाठी गाडी अडवणारे कोणते स्टेशनही नव्हते.

चकमांनी नागरिक हक्कांसाठी समिती स्थापन केली. समितीने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. आयोगाची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. राज्य सरकारचे उत्तर समाधानकारक वाटले नाही म्हणून आयोग स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश अझीझ मुशब्बर अहमदी होते. न्यायालयाने सांगितले की, राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे. कोणत्याही संघटनेला माणसांच्या गटाला धमकावून हाकलू देता येणार नाही, आणि त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवावेत, असाही आदेश झाला.

मुसलमान बहुसंख्य देशातून आलेले बौद्ध निर्वासित आणि त्यांच्या बाजूने निकाल देणारे मुसलमान सरन्यायाधीश. न्याय धर्म पाहून होत नसतो, हे सांगायला याहून चांगले उदाहरण हवे कशाला? आपणही निर्वासित कोणत्या धर्माचा आहे हे पाहून हळहळत असू, तर आपली हळहळ अपुरी आहे.

मतदारसंघ नसलेला माणूस

चकमांना न्यायालय मिळाले. पण प्रत्येक वेळी तसे होतेच असे नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत राहणाऱ्या दीडशेहून अधिक रोहिंग्यांना ताब्यात घेण्यात आले. त्यांना परत पाठवू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. सरन्यायाधीश शरद बोबडे हे आपल्या नागपूरचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ८ एप्रिल २०२१ रोजी त्यांची सुटका करण्यास नकार दिला. समानता आणि जीविताचा हक्क सर्वांना आहे, पण देशात राहण्याचा हक्क नागरिकांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ठरलेली कायदेशीर पद्धत पूर्ण केल्याशिवाय कोणाला पाठवू नये, एवढे संरक्षण दिले.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे निर्वासित आणि घुसखोर यांतला फरक कायद्याऐवजी त्या त्या वेळचे सरकार ठरवते. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, चकमा, रोहिंग्या, प्रत्येकाला वेगळे माप. देशाला आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच आहे की, ज्याला पाठवायचे त्याला मृत्यूच्या दारात पाठवतो आहोत का, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

आणि जिथे निर्वासिताचे ऐकले जात नाही तिथे नागरिकाचेही ऐकले जात नाही, हे २०२५ ने दाखवून दिले. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या पडताळणीसाठी तीस दिवसांची मुदत दिली. जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलण्यात आले. ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. त्यांना आणण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष समीरुल इस्लाम होते. ते मूळचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. तरुणांची सांस्कृतिक संघटना बांधून त्यांनी मजुरांत काम केले आणि २०२३ मध्ये ते राज्यसभेवर गेले. दिल्लीतून त्याच जूनमध्ये सीमेपार गेलेल्या एका गरोदर बाईला आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलाला कोलकाता उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यातल्या लढाईनंतर डिसेंबर २०२५ मध्ये भारतात परत येता आले. १९९८ मध्ये जे काम स्टेशनवरच्या जमावाने केले, ते २०२५ मध्ये याचिका, कागद आणि एका मंडळाने केले. वेळ जास्त लागला, पण रस्ता सरळ होता.

आपल्या हातात काय आहे

मराठी मुसलमानांना वाटू शकते की, आपण पिढ्यान्‌पिढ्या इथले आहोत, आपली भाषा मराठी किंवा दखनी, या प्रकरणाचा आपल्याशी संबंध काय? पण उलुबेरियाच्या जरी कारागिरांनाही तसेच वाटत असणार. त्यांचे गाव, त्यांची जमीन, त्यांचे कब्रस्तान भारतातच होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे शाळेचे जनरल रजिस्टर उघडले की एकाच घरातली चार भावंडे चार प्रकारे लिहिलेली सापडतात. कोणी महंमद, कोणी मोहम्मद, कोणी नुसताच 'मो.'. एकाचे आडनाव शेख, दुसऱ्याचे शेक. आईच्या नावापुढे एका ठिकाणी 'बी', दुसऱ्या ठिकाणी 'बेगम'. उर्दूत एकच असलेले नाव मराठीत उतरताना बदलते आणि आधार कार्डावर इंग्रजीत जाताना पुन्हा बदलते. खेड्यातल्या असंख्य लोकांची जन्मतारीख एक जून आहे, कारण पूर्वी दाखल करताना गुरुजी तीच घालत. एरवी या गोष्टींचे हसू येते. पण आसामात नावातल्या एका अक्षराच्या फरकाने बाप-लेकाचे नाते नाकारले गेल्याची प्रकरणे लवादांपुढे झाली आहेत, हे लक्षात घेतले की हसू मावळते.

म्हणून आपल्या तरुणांपुढचे पहिले काम मोर्च्याचे नाही. मूल शाळेत असेपर्यंत नावाची आणि तारखेची दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण खात्याकडे पाठवून करता येते. शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होते. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोन-चार शिकलेल्या मुलामुलींनी सुट्टीत बसून घरोघरचे शाळेचे दाखले, निर्गम उतारे, जन्मनोंदी, जुने सातबारा आणि मतदारयाद्या एकत्र लावून पाहिल्या तर ती मोठी खिदमत होईल. यात फक्त मुसलमानांची घरे धरू नयेत. पारधी, भटके, ऊसतोड कामगार यांच्याकडे तर आपल्याहूनही कमी कागद आहेत.

दुसरे काम कायदा वाचण्याचे आहे. अटकेतल्या कोणत्याही माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? वकिली शिकणारी मुले-मुली आपल्याकडे आता वाढत आहेत. त्यांतल्या काहींनी तरी हे क्षेत्र निवडले पाहिजे.

तिसरे काम सत्तेचे. मत देणे, उमेदवाराला प्रश्न विचारणे, ग्रामपंचायतीपासून पुढे उभे राहणे. उलुबेरियाच्या लोकांना आमदाराला हाक मारता आली, कारण ते त्याच्या ओळखीचे होते. पण सत्ता फक्त आपल्या माणसांसाठी वापरायची नसते. ज्याला मत नाही, ज्याचा देश त्याला घेत नाही, जो दुसऱ्या धर्माचा आहे, त्याचेही ऐका, असे जेव्हा मत असलेला माणूस म्हणतो तेव्हाच सत्तेला ते ऐकावे लागते.

जाफर बिन अबी तालिब यांना दरबारात बोलता आले, कारण त्यांना आपली हकीकत नीट मांडता येत होती. नजाशीच्या राज्यात त्यांचे ऐकले गेले, कारण तिथे ऐकण्याची रीत होती. पहिली गोष्ट, म्हणजे बोलणारा तरुण, शाळेत आणि घरात घडवता येतो. दुसरी गोष्ट, म्हणजे ऐकणारे राज्य, लोकशाहीत बादशहावर सोडून देता येत नाही. ते आपल्या मतावर, आपल्या अर्जावर आणि आपल्या चिकाटीवर अवलंबून असते.